चौदाव्या वस्तीतला वारा

ग्रुप सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी त्यावर सणांच्या शुभेच्छा, गुलाबांची चित्रं आणि कुणाच्या तरी मेहुण्याच्या फ्लॅटची जाहिरात याखेरीज काही येत नव्हतं. मुयस्सरने तिघांना काढून टाकलं आणि नियम लिहिला : इथे फक्त नगररचनाकार. नाव, शहर, काम सांगा. शुभेच्छा घरी द्या.

उरले एकोणीस जण.

त्याच दुपारी तिने प्रश्न टाकला. ती ताश्कंदच्या चौदाव्या वस्तीत लहानाची मोठी झाली होती, चार लांबलचक इमारतींच्या मधल्या अंगणात. "बाहेर रस्त्यावर बेचाळीस अंश आहे. आमच्या अंगणात चौतीस. दिवसभर वारा. असं का?"

पहिलं उत्तर अल्माटीच्या दुलातचं आलं. वारा मोजणं हा त्याचा धंदा, आणि जीभ तिखट.

"ओपा, थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवलाय का?" त्याने या ताईला विचारलं.

"येऊन बघ. जेवायला घालीन."

"पुलाव?"

"आधी मोजमाप."

तो खरंच आला. दोन दिवस यंत्रं लावून अंगणात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवर लिहिलं, "मी थट्टा केली होती, माफ करा. डोंगराकडची बाजू मोकळी सोडली आहे, तिथून थंड वारा आत येतो. सगळ्यात उंच इमारत नेमकी दुपारच्या उन्हाला आडवी. दारंसुद्धा बसच्या रस्त्यावर नाहीत, अंगणात उघडतात. मूल घराबाहेर पडलं की थेट सावलीत. आपण संगणकावर महिनोन्‌महिने जे शोधतो, ते कुणीतरी नुसत्या पेन्सिलीने करून ठेवलंय. मला रात्री झोप लागली नाही."

मग ग्रुप वाढू लागला. ओश, खुजंद, समरकंद, अश्गाबात. लोक आपापली अंगणं मोजून पाठवू लागले. तुतीची सावली बरी की चिनाराची, यावर चार दिवस कडाक्याचं भांडण झालं. खुजंदच्या एका मुलीने शाळेचा मंजूर झालेला नकाशा फाडून नवा काढला. वसंतापर्यंत चौदाशे माणसं झाली, आणि चौदाव्या वस्तीचं नाव ती देवळाचं घ्यावं तसं घेऊ लागली.

उन्हाळ्याच्या तोंडावर नोटीस लागली. चारही इमारती पाडून तिथे टोलेजंग टॉवर उभे राहणार होते.

मुयस्सर शहराच्या वास्तू-जतन समितीकडे गेली. अध्यक्ष भला माणूस होता, पण कागदाचा. "वारा येतो हा काही पुरावा नाही, बाई. ही कुणा रचनाकाराने विचार करून केलेली रचना आहे, असं दाखवा. त्याची सही आणा. मग हिला संरक्षित यादीत घालता येईल."

ग्रुपला नऊ दिवस अन्नपाणी गोड लागलं नाही. दहाव्या दिवशी बिश्केकच्या गुलझातने एका बंद पडलेल्या संस्थेच्या तळघरातून मूळ नकाशा काढला. सहासष्टच्या भूकंपानंतर ताश्कंद नव्याने उभारायला चहूकडून नकाशे आले होते, चहूकडून कामगार. हा बिश्केकमध्ये काढलेला. कडा ओलीने कुजून गेलेल्या, दिशेची खूण, रस्ते सगळं गेलेलं. मधल्या चार इमारती तेवढ्या शाबूत, आणि खाली नाव : इ. ओरोझालीएव.

माणूस जिवंत होता. शहाऐंशी वर्षांचा, डोंगरातल्या एका गावात मधमाश्या पाळत होता.

"पोरी, मी ताश्कंद पाहिलेलंच नाही," तो फोनवर म्हणाला. "नकाशा पाठवला आणि मला दुसऱ्या कामावर धाडलं. बरं बांधलंय का?"

"ओता, तुम्ही येऊन बघाच," मुयस्सर त्या आजोबांना म्हणाली.

जुलैच्या भर दुपारी तो आला. समिती आली होती. चार देशांतून ग्रुपची दोनशे माणसं आली होती; एकमेकांना आजवर फक्त अक्षरांतून ओळखणारी. दुलातने म्हाताऱ्याचा हात धरून त्याला तापलेल्या रस्त्यावरून आत आणलं.

अंगणात पाऊल टाकताच वाऱ्याने त्याची टोपी उडवली. कुणी हसलं नाही.

तो उभा राहिला. तुतीची पानं सळसळत होती. बाकावर एक बाई मांडीवरच्या बाळासकट झोपी गेली होती.

"बसचा रस्ता कुठे?" त्याने विचारलं.

"मागे राहिला, ओता. तुम्ही त्याच्याकडे मुद्दाम पाठ केलीत ना!" दुलात म्हणाला.

म्हाताऱ्याने नकाशा मागून घेतला. हातात फिरवला, परत फिरवला. मग त्याचे डोळे भरून आले. ते पाहून कितीतरी रचनाकारांनी माना वळवल्या.

अध्यक्षाने कागद पुढे केला. "ओरोझालीएव ओता, ही रचना तुमची?"

"नकाशा माझाच आहे."

"मग इथे सही करा."

पेन हातात धरून तो बराच वेळ बाकावरच्या त्या बाईकडे बघत राहिला. मग त्याने सही केली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षाने तिथल्या तिथे शिक्का मारला. बायकांनी भरजरी चोपान, सन्मानाचा लांब अंगरखा, आणून त्याच्या खांद्यावर घातला. मुयस्सर त्याचा कमरपट्टा बांधायला वाकली, तेव्हा म्हाताऱ्याने हळूच तिचा कान जवळ ओढला.

"पोरी, तुझ्या त्या ग्रुपवर टाकू नकोस हं. यांनी नकाशा उलटा धरून बांधलंय."