कुंडीतला क्रूस

"हात मागे," थोरल्यांनी पुतणीला दटावलं. "बघायचं ते लांबून."

तिने हात मागे घेतला. खिडकीच्या जाळीआड कुंडी होती. केशरी फुलांचे झुबके, आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध नखाएवढा पिवळा क्रूस. आजीने लावलेलं ऑर्किड. आजी गेली तेव्हा घर, कपाटं, भांडी, सगळ्याची रीतसर वाटणी झाली. कुंडी मात्र थोरल्यांनी वाटणीत येऊच दिली नाही. धाकट्याने नुसती एक दांडी मागितली, तर म्हणाले, देवाची खूण कापून वाटायची नसते. त्यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालं, त्याला अकरा वर्षं होऊन गेली.

आता हे ऑर्किड म्हणजे काही नाजूक राजकन्या नव्हे. ऊन द्या, अधूनमधून पाणी शिंपडा, की झालं. दांड्यांवर मुळांसकट पिल्लं फुटतात, ती कुठेही खोचली तरी जगतात. पण थोरल्यांचा थाट बघावा. आल्यागेल्याला खुर्चीत बसवायचे आणि विणायच्या सुईने एकेक क्रूस दाखवायचे, जणू तो यांच्याच पुण्याईने उमटला होता. दांडीवर पिल्लू दिसलं रे दिसलं, की खुडून, कागदात गुंडाळून थेट कचऱ्यात. देवाची कृपा चुकून दुसऱ्याच्या घरी गेली तर काय घ्या.

"बाबांना एक फूल हवंय," पुतणी म्हणाली. "डॉक्टरांनी हात टेकलेत, मोठे काका. आज-उद्याचंच आहे."

थोरल्यांना आवंढा आला. नाही असं नाही. पण आवंढे गिळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"प्रार्थना करतो म्हणावं त्याच्यासाठी," ते म्हणाले. "फुलाचं नाव मात्र काढू नकोस. एक तोडलं की अख्खा झुबका बोडका दिसतो. रविवारी माणसं यायची आहेत बघायला."

पुतणीने पर्स खांद्याला अडकवली. दाराशी जाऊन चपला घातल्या. रडली नाही, भांडलीही नाही. थोरल्यांना बरं वाटलं. मुलगी समजूतदार आहे, बापासारखी हट्टी नाही.

"फुलांची ददात नाही आमच्याकडे," ती चपलेचा पट्टा लावत म्हणाली. "तुम्ही टाकलेली पिल्लं बाबा तुमच्या कचऱ्याच्या डब्यातून उचलून आणायचे. इतकी वर्षं. कुंपणभर फुललंय."

थोरल्यांनी हातातली विणायची सुई खाली ठेवली.

"मग इथे कशाला आलीस मागायला?"

"बाबांनी पाठवलं. म्हणाले, दादाकडे एक फूल माग. दिलं, तर त्याला सांग, तूच घेऊन ये."