पहिला दाणा

चौथा दिवस उजाडला तरी थोरल्या दिराची कुदळ भिंतीलाच टेकलेली होती. अपोंदी आपल्या दारात बसून त्या कुदळीकडे बघत होती आणि आतल्या आत जळत होती.

पाऊस चांगला मुरला होता. किसुमूच्या रस्त्यापलीकडे पेरण्या उरकल्यासुद्धा. पण या आवारात थोरल्या पुरुषाने पहिला दाणा टाकल्याशिवाय दुसऱ्या कुणी बियाण्याला हात लावायचा नाही, ही रीत. अपोंदीसारख्या विधवेने तर नाहीच नाही. आणि वाफसा काय कुणासाठी थांबतो? अजून दोन दिवस गेले की हंगाम हातचा जाणार. मग पोरींच्या ताटात मक्याच्या पिठाची उगाली कुठून येणार?

"तुझा दीर उट्टं काढतोय बघ," शेजारची आतिग म्हणाली. "मागच्या साली भर आवारात नाक कापलंस ना त्याचं."

झालं होतं खरं तसं. मागच्या साली पहिली सर येताच थोरला दीर ओलुओच पेरायला निघाला. अपोंदीने मातीत बोटं खुपसली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "भाऊजी, ओल वरवरची आहे. थांबा जरा."

"आता आभाळाचंही बायकांना विचारायचं का?" तो म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. त्यांनी पेरलं. ती थांबली, बारा दिवस टोमणे खात. त्यांचे कोंब करपले, तिची कणसं दाण्यांनी भरली. पुढे ओलुओचच्या घरानेही तिच्याच कणगीतला मका खाल्ला. ती एका शब्दाने बोलली नाही. पण विसरलीही नव्हती.

तिने बियाण्याची टोपली उचलली आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, मी आज पेरणार. दंड म्हणून बकरी न्यायची तर न्या. पण आता थांबणार नाही."

ओलुओचने मान वर केली नाही. त्याच्या पायाशीही टोपली होती. बी निवडून, राखेत घोळवून ठेवलेलं.

"म्हणजे ओल पुरेशी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"वीतभर खाली गेलीय. परवाच गेली होती."

"मग परवाच सांगायचंस ना," म्हातारा पुटपुटला. "चार दिवस तुझ्या दाराकडे डोळे लावून बसलोय. या वयात भावजयीला विचारायला कुठल्या तोंडाने येऊ?"

अपोंदीचा राग कुठल्या कुठे गेला.

ओलुओच कुदळ खांद्यावर टाकून शेतात उतरला. रीतीप्रमाणे सगळं आवार बांधावर जमलं. पहिला खड्डा त्यानेच खणला. पहिला दाणा त्याच्याच चिमटीत होता. तो वाकला, आणि तसाच थांबला.

"अपोंदी," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "टाकू का?"