क्विल्टीची वरात

“अरे, वाक ना जरा,” क्विल्टी म्हणाला. “मी काय शिडी लावून चढू?”

सामना संपल्याचा भोंगा नुकताच वाजला होता. सामना हातचा गेला होता तो कधीच, अर्ध्यावरच. तरी मेलबर्नच्या त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानावरून कोणी हलत नव्हतं, कारण ट्रेंट क्विल्टी आज निवृत्त होत होता, आणि अशा मोठ्या खेळाडूला सोबत्यांनी खांद्यावर बसवून बाहेर न्यायचं ही रीत. खांदे क्विल्टीने स्वतः निवडले होते. फोटोत शोभावा म्हणून मेसन, संघातला सगळ्यांत उंच गडी. आणि नाही म्हणता येत नाही म्हणून रोवन टेट.

रोवन वाकला. क्विल्टीचं धूड खांद्यावर आलं. मेसन हातभर उंच, त्यामुळे सगळं वजन उताराने रोवनकडे, आणि पट्टी बांधलेल्या त्याच्या गुडघ्यावर.

क्विल्टी तीनशे सामने खेळला म्हणे. खेळला म्हणजे मैदानावर होता. उंच आलेल्या चेंडूखाली उभं राहून समोरच्याची धडक घ्यायची वेळ आली, की नेमकी त्याच्या बुटाची नाडी सुटायची. ती धडक मग रोवन घ्यायचा. दोनदा गुडघा आणि एकदा जबडा त्याने याच कामात फोडून घेतला होता. चेंडू मोकळा झाला की क्विल्टी कुठूनसा उगवायचा, गोल मारायचा आणि जर्सीवरचं क्लबचं चिन्ह मुठीत धरून त्याचा मुका घ्यायचा. असे त्याने तीन वेगवेगळ्या क्लबांच्या चिन्हांचे मुके घेतले होते. दर वेळी डोळे भरून आले होते.

शेवटचा सामना रोवनचाही होता. मंगळवारी कोचने त्याला खोलीत बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षी तू संघात नाहीस. “पण सोमवारपर्यंत तोंड उघडू नकोस हं. शनिवार ट्रेंटचा आहे. उगाच विरजण नको.” मग त्याने टेबलावरचा बिस्किटांचा डबा पुढे केला. अकरा वर्षांच्या बदल्यात एक बिस्किट. रोवनने ते मुकाट्याने खाल्लं, आणि तेव्हापासून त्याला स्वतःची शिसारी येत होती.

बापालाही त्याने सांगितलं नव्हतं. म्हातारा संध्याकाळची गाईंची धार शेजाऱ्यावर टाकून तीन तास गाडी हाकत आला होता, नेहमीसारखाच एक सामना बघायला. तो मैदानाच्या कठड्याला टेकून उभा होता.

“तिकडून घ्या, तिकडून!” वरून हुकूम आला. “कॅमेरा तिकडे आहे. रोवन, खांदा वर कर की लेका. मी कलतोय.”

विरुद्ध संघाचे खेळाडू दोन रांगा करून टाळ्या वाजवत होते. त्यांतला डूली रांग सोडून रोवनच्या बाजूने चालू लागला. डूलीचं काम गोल मारायचं, रोवनचं काम त्याला अडवायचं. कैक वर्षं दोघांनी एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसली होती आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

“काय रे टेट, तुझाही आज शेवटचाच का?”

रोवन दचकला. “कोण बोललं?”

“बोलणार कोण? आख्ख्या सामन्यात तू एक शिवी घातली नाहीस. माझ्या टकलाबद्दल नाही, माझ्या बायकोबद्दल नाही. मला वाटलं, चुकून चर्चमध्ये शिरलो.”

“सोमवारी सांगणार आहेत.”

“सोमवारी! आणि आज तू या धोंड्याला मिरवतोयस?” डूलीने कठड्याकडे पाहिलं. “तुझ्या म्हाताऱ्याला तरी माहितेय का?”

रोवनने मान खाली घातली.

“काय कुजबुज चाललीय खाली?” क्विल्टी नवरदेवासारखा दोन्हीकडे हात हलवत म्हणाला. “हसा जरा. नातवंडांना सांगाल, क्विल्टीला आम्ही उचललं होतं म्हणून.”

कठडा जवळ आला होता. म्हातारा टाळ्या वाजवत होता, इतरांसारख्याच, क्विल्टीसाठी. ते रोवनला बघवलं नाही. तो थांबला आणि त्याने खांदा काढून घेतला. ढकललं नाही, झटकलं नाही, नुसता बाजूला झाला. क्विल्टी क्षणभर मेसनच्या मानेला लोंबकळला, मग घसरला आणि चिखलात बूड टेकून बसला. कॅमेरा अर्थातच त्याच बाजूला होता.

“बाबा,” रोवन कठड्याशी जाऊन म्हणाला, “माझाही शेवटचाच होता हा. मंगळवारीच कळलं मला.”

म्हाताऱ्याच्या टाळ्या थांबल्या. त्याने मुलाकडे पाहिलं. मग चिखलात बूट शोधत बसलेल्या क्विल्टीकडे पाहिलं.

“मग त्याला कशाला उचललं होतंस तू?”

तेवढ्यात मागून आवाज आला, “बस लवकर. कंबर धरलीय माझी.”

डूली गुडघा टेकून वाकला होता. त्याच्या शेजारी मेसनही वाकला.

रोवन त्या टकलाकडे बघत राहिला. मग दिवसभर गिळून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं: डूलीचं टक्कल, डूलीची बायको, डूलीची आई, डूलीचा वाकडा डावा पाय, आणि असल्या माणसाला जन्माला घालणारं ते आख्खं गाव. कठड्यापलीकडे म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

“हां,” डूली समाधानाने म्हणाला, आणि आणखी खाली वाकला.