उसने हात

सकाळपासून मी तेच बटण सहाव्यांदा लावत होते. म्युनिकच्या स्टुडिओत डिटेक्टिव्ह मालिकेचं शूटिंग चाललं होतं. या भागात खून फॅशन हाऊसमध्ये होतो आणि खुनी निघते तिथलीच शिवणारी बाई. नटीला सुईत दोरासुद्धा ओवता येईना, म्हणून चेहरा तिचा, हात माझे. एकोणचाळीस वर्षं मी खऱ्या फॅशन हाऊसमध्ये शिवलं. गेल्या वर्षी त्यांनी फुलं देऊन घरी पाठवलं. “कट!” दिग्दर्शक टॉर्बेन ओरडला. “लिंडेमानबाई, कमाल केलीत! समोर पोलीस उभा आणि हात कसे थरथरताहेत! याला म्हणतात अभिनय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “आता खुनाआधीचा शॉट घेऊ. ती निवांत शिवत बसलीय. तेवढी थरथर थांबवा, की झालं.” मी सुई खाली ठेवली. “अरे बाबा, ती थांबवता आली असती,” मी म्हटलं, “तर तुझ्याकडे कशाला आले असते?”