एकशे बारा इंच

"मापं मनातल्या मनात म्हणा," सदाशिव पेठेतल्या बालवाडीच्या सेविका आनंदीबाईंनी दारातूनच बजावलं. "आधीचे तिन्ही सुतार मोठ्यानं बोलले आणि टेप टाकून पळाले."

"अहो, मी सुतारीण आहे, सुतार नव्हे," रझिया म्हणाली. "आणि माप मी ओरडूनच घेते. अब्बांची शिकवण आहे."

मे महिन्याच्या सुट्टीमुळे खोली रिकामी होती. खेळण्यांच्या कपाटासाठी रझियानं टेपचं टोक कोपऱ्यात अडकवलं, मागं सरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एकशे बारा इंच!"

"एकशे बाऽरा इंच!" चिमुकले आवाज एका सुरात म्हणाले.

आनंदीबाई दारातून कधी गेल्या, कळलंही नाही. रझियाच्या अंगावर काटा आला, पण तिनं ओढणी खोचली. नक्कल काय, पोपटही करतो!

खिडकीखालची भिंत चौऱ्याऐंशी भरली. रझिया मुद्दाम ओरडली, "नव्वद!"

खोली गप्प झाली. मग तिच्या गुडघ्याजवळून एकच आवाज आला. "चुकलं, बाई. चौऱ्याऐंशी."

दचकून तिचा हात हलला आणि टेपचं पलीकडचं टोक निसटून जमिनीवर पडलं. ती त्या आवाजाच्या दिशेनं वळली.

"एवढं कळतं ना? मग उचल ते टोक, आणि नीट धर."

टोक जमिनीपासून दोन फूट वर उठलं आणि टेप ताठ झाली.