समुद्रातल्या गावाची पणती

दिवाळीच्या सांजेला मी आणि आई जुन्या गावाकडं निघालो होतो. भूकंपानंतर नव्या गावात राहून तीस वर्षं झाली, तरी पहिली पणती आई तिथल्या आमच्या पडलेल्या घराच्या उंबऱ्यावरच लावते. तेवढ्यात माझ्या बहिणीचा, वर्षाराणीचा, व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडात, सफोकच्या किनाऱ्यावर नर्स आहे.

"आई, हे बघ. इथं मोठं बंदराचं गाव होतं. लोकरीचा, मासळीचा बाजार भरायचा. आपलं गाव भुईनं एका झटक्यात नेलं, हे समुद्रानं शेकडो वर्षं थोडं थोडं करून नेलं."

फोनमध्ये नुसतं करडं पाणी. आईनं समुद्र कधी बघितलेला नव्हता.

"कुठवर हाय गं हे?"

"नजर जाईल तिथवर. त्याच्याही पुढं."

आईनं हात जोडले. मग म्हणाली, "अन् त्या लोकांनी पणती कुठं लावायची?"

वर्षाराणीनं फोन पुन्हा पाण्याकडं वळवला.

जुन्या गावात मी काटेरी झुडपं बाजूला सारून उंबरा झाडला. आईनं पणती लावली. मग पिशवीतून दुसरी काढून तिच्या शेजारी ठेवली.

"ही कुणाची?"

"त्यांची. आपला उंबरा तरी राहिला, बाबा."