अंत्यदर्शन

टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांची अंत्ययात्रा चालली होती आणि ताई आरशासमोर उभी राहून युनिफॉर्मवर काळी फीत लावत होती.

"जाणारेस तू?" धाकट्या भावानं विचारलं. दुकानं बंद ठेवायचा हुकूम होता, म्हणून तो घरी होता.

"अख्खं हॉस्पिटल जातंय. नसतं गेलं, तरी मी गेले असते."

"ज्यानं आपल्या बापाला घरातून उचलून नेलं, त्याच्या दर्शनाला?"

"हळू बोल." बाबा खिडकीपाशी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. "मावशी बाळंतपणात गेली, तेव्हा इथं साधी सुईण नव्हती. दवाखाना त्यांनी काढला. मुलींना नर्सिंगला फुकट घेतलं, तेही त्यांनीच. नाहीतर मी कुठं असते?"

"वीज आणली, रस्ते आणले, तेही सांग की. वीज आधी तुरुंगात नेली. एका मोर्चात चालले म्हणून बाबा तीन वर्षं आत. परत आले, तर तू त्यांना ओळखलं नाहीस. दाराआड लपलीस."

"आठवतंय मला."

"मग?"

"मग काय! दोन्ही खरं आहे. मी काय करू त्याला?"

तेवढ्यात टीव्हीवरचा बँड थांबला आणि राष्ट्राध्यक्षांचं एक जुनं भाषण सुरू झालं. तोच संथ, खर्जातला आवाज. "माझ्या लेकरांनो..."

बाबा उभे राहिले. टाचा जुळवून, दोन्ही हात पुढे, तळवे वर, नजर जमिनीवर.

भावानं झटकन टीव्ही बंद केला. "बाबा, बसा. मेला तो."

बाबा हलले नाहीत. ताईनं सवयीनं नाडी धरली. नाडी धावत होती. "बसा ना, बाबा. आम्हीच आहोत." पण त्यांचे गुडघे वाकत नव्हते.

आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली. तिनं दोघा मुलांना बाजूला सारलं. उभ्या संसारात नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक न मारलेली ती बाई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कोरड्या, पुरुषी आवाजात ओरडली, "खाली बस!"

बाबा बसले.

"हात खाली!"

हात खाली आले. हळूहळू श्वास संथ झाला.

"आई," भाऊ म्हणाला. "हे तुला कसं..."

"तुम्ही झोपलेले असायचात," आई म्हणाली. तिनं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं, विटाळल्यासारखं.

खाली हॉस्पिटलची गाडी हॉर्न वाजवत होती. ताई फीत काढू लागली, तशी आईनं तिचा हात धरला.

"असू दे. जा तू," ती म्हणाली. "पण अगदी जवळ जा आणि नीट बघ. खरंच गेलाय ना, तेवढं बघून ये."